सासुरवाडीचे पितर

इथे बहारीनमध्ये, गुदैबियातल्या सलीमभाईंच्या दुकानात परवा काळे तीळ दिसले. तीळ तिथे नेहमीच असतात म्हणा, पण परवा ते माझ्या नजरेला पडले. डाळींच्या मागच्या फळीवर पुड्यांची चळत होती आणि वरच्या पुडीवर बारीक धूळ बसली होती. सलीमभाई मूळचे श्रीवर्धनचे. माझी नजर कुठे अडली ते त्यांनी बरोबर ओळखलं.

"लिमयेसायेब गेल्यापासून त्याला कोन हात लावत नाय, भाभी," ते म्हणाले. "गणपती गेले का दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. मी शटर वर करायच्या आधी भाईर उभे."

मी उगाचच एक पुडी घेतली. घरी आल्यावर तिचं काय करायचं ते कळेना, म्हणून डब्यांच्या मागे ठेवून दिली.

श्रीधर लिमये झिंजच्या आमच्या इमारतीत आमच्याच वरच्या मजल्यावर राहायचे. जन्मभर ऑडिटर. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या कंपनीने त्यांना सल्लागार म्हणून ठेवून घेतलं होतं, त्यामुळे व्हिसा चालू होता आणि काकांची तपासणीही चालू होती. बुटके, गोरे, नाकावर घसरणारा चष्मा, आणि घड्याळ दहा मिनिटं पुढे. आठ वाजता जेवायला बोलावलं की साडेसातला दारात. माझ्या हाताला कणीक लागलेली असायची आणि काका कोचावर बसून, "चालू दे तुझं, आम्ही काही घाईत नाही," असं म्हणत घड्याळ बघत असायचे. विमानतळावर तर ते इतके आधी जायचे, की आदल्या दिवशीचं विमान मिळालं असतं.

त्यांचं एक पालुपद होतं. मुंबईपुण्याच्या मराठीत गल्फची अरबी मिसळून ते म्हणायचे, "व्हाउचर मफी, तो मामला खलास." मफी म्हणजे नाही. पावती नसेल तर गोष्ट घडलीच नाही. एकदा आमच्या गणपतीत बँकेतले एक गृहस्थ मोदक खाता खाता आपल्या घराण्याचं सांगत होते. पणजोबांचे पणजोबा म्हणे पेशव्यांचे सरदार, दारी हत्ती वगैरे. काका शांतपणे ऐकत होते. हत्ती आल्यावर त्यांनी विचारलं, "व्हाउचर आहे?" गृहस्थ पुढच्या वर्षी आमच्याकडे आले नाहीत. काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. "हत्तीचा माहूत तरी दाखवायचा," म्हणाले.

या माणसाची बायको अमेरिकन होती, हे नव्याने आलेल्यांना खरं वाटायचं नाही. रूथकाकू मॅसॅच्युसेट्सच्या. तरुणपणी इथल्या एका शाळेत लहान मुलांना शिकवायला आल्या आणि लिमयांच्याच होऊन राहिल्या. उंच, सडपातळ, सुती कुडता आणि पायात टेनिसचे बूट. काकांना त्या "अहो" म्हणायच्या. सासूबाई इथे राहायला आल्या होत्या तेव्हा त्यांच्याकडूनच ते उचललेलं. "नवऱ्याला हाक मारायला इतकं सोयीचं नाव आमच्याकडे नाही," असं त्या मला इंग्रजीत सांगायच्या. बोलायच्या बहुतेक इंग्रजीत, पण एसी बंद पडला की तोंडातून सासूबाईंचंच "मेलं जळ्ळं" निघायचं. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल दोघंही काही बोलत नसत.

काका देवाचं फारसं काही करायचे नाहीत. सोवळंओवळं तर नावालाही नव्हतं. पण सर्वपित्री अमावास्येला मात्र सकाळी अंघोळ करून, जानवं उजव्या खांद्यावर घेऊन दक्षिणेकडे तोंड करून बसायचे. समोर तांब्याचं ताम्हन, पळी, तीळ. गेलेल्यांचं एकेकाचं नाव घेऊन पाणी सोडायचं. वडील, आजोबा, पणजोबा, मग आई, मग आजोळ. भटजी नाही, पोथी नाही, सगळं वडिलांकडून ऐकून पाठ.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी रूथकाकू दाराला टेकून हे बघत होत्या. ही हकिकत त्यांनीच मला कितीदा तरी सांगितली आहे. काकांच्या पणजोबांचं नाव आलं, धोंडो. काकूंनी विचारलं, याचा अर्थ काय? काका म्हणाले, दगड. आणि मग समजावून सांगितलं, की पणजोबांच्या आधीची दोन मुलं लहानपणीच गेली. म्हणून तिसऱ्याला मुद्दाम धोंडो म्हणायचं. धोंड्याला कोण कशाला उचलून नेईल?

"आणि त्या पहिल्या दोघांची नावं काय होती?" काकूंनी विचारलं.

"कोणास ठाऊक. गेलेल्या मुलाचं नाव घरात पुन्हा घेत नाहीत."

मग यादीत सासऱ्यांचा नंबर आला. मेलेल्या सासऱ्यालाही पाणी द्यायचं असतं. काका थांबले आणि मान वळवून म्हणाले, "तुझ्या वडिलांचं नाव?"

"वॉल्टर," काकू म्हणाल्या.

आता गोत्राची पंचाईत. पण आपल्या शास्त्रात सगळ्याची सोय आहे. ज्याचं गोत्र माहीत नाही, त्याचं काश्यप. तेव्हा मॅसॅच्युसेट्सचे वॉल्टर पेंडल बहारीनमध्ये काश्यपगोत्री झाले आणि त्यांना तिळाचं पाणी मिळालं. काकू तिथेच रडायला लागल्या. काकांना वाटलं, हिला अपमान वाटला की काय. तसं नव्हतं. काकू अगदी लहान असताना वडील वारले होते, आईने दुसरं लग्न केलं होतं, दुसऱ्या गावी घर झालं होतं आणि त्या घरात वडिलांचं नाव कोणी काढत नसे. कित्येक वर्षांत ते नाव कोणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

"त्यांचे वडील कोण?" काकांनी विचारलं. तीन पिढ्या लागतात ना.

काकूंना माहीत नव्हतं. वडिलांचं एकच वाक्य त्यांच्यापाशी उरलं होतं. आपण पेंडल, आणि आपला पहिला माणूस सॅम्युएल, लाकडाची पिंपं बांधायचा, तो इंग्लंडहून बोटीने आला. कुठल्या गावाहून, ते वडिलांनी सांगितलंही असेल, पण त्या लहान होत्या.

"मला एकदा त्या गावी जायचंय," त्या काकांना म्हणाल्या. "चर्चच्या आवारात ते लोक पुरलेले असतील ना, तिथे बसायचंय. करायचं काही नाही. नुसतं बसायचं."

"मी नेऊन बसवतो तुला," काका म्हणाले. "पण आधी व्हाउचर."

आम्ही बहारीनला आलो तोवर या गोष्टीला खूप वर्षं झाली होती आणि इंटरनेट आल्यापासून काकांना जोर चढला होता. शुक्रवारी, सुटीच्या दुपारी, सगळी इमारत झोपलेली असायची तेव्हा काका संगणकासमोर बसून अमेरिकेतले जन्ममृत्यू तपासत असायचे. बैठकीच्या खोलीच्या दारामागे वॉलपेपरची एक उलटी गुंडाळी चिकटवली होती. तिच्यावर पेंडल घराण्याची वंशावळ. नियम साधा होता. अंदाजाचं नाव पेन्सिलीने, पुरावा मिळालेलं शाईने. दार उघडं टाकलं की तीनशे-चारशे वर्षं भिंतीकडे तोंड करून गप्प उभी राहायची.

मी कधीकधी त्यांची थट्टा करायची. "काका, लिमयांची कुठवर झाली?"

"आमची काय करायची? आम्ही कुठे हरवलोय?"

हळूहळू हे पेंडल आम्हालाही शेजारपाजारच्यांसारखे ओळखीचे झाले. एक शेतकरी होता, त्याने तीन लग्नं केली होती. एक बाई मुलींची शाळा चालवायची. तिच्यावर काकूंचा विशेष जीव. एकाला रविवारी चर्चमध्ये घोरत पडला म्हणून दंड झाला होता. त्याचा पुरावा सापडला त्या दिवशी काका जिना उतरून आम्हाला सांगायला आले. "हा खरा माझा सासरा!" म्हणाले आणि माझ्याकडून साखर मागून घेऊन वर शिरा करायला गेले. काकूंचं तोंड त्या दिवशी बघण्यासारखं होतं. ज्या बाईला आजोबांचं नाव ठाऊक नव्हतं तिला आता घोरणारा पूर्वजसुद्धा मिळाला होता.

असं करत करत काका त्या पिंपं बांधणाऱ्या सॅम्युएलपर्यंत पोचले. अमेरिकेत इंग्रजांची वसाहत होती तेव्हाचा माणूस. त्याचा धंदा शाईने, बायको शाईने, मुलं शाईने. पुढे समुद्र. सगळ्या पिढ्यांना मिळून लागला नसेल इतका वेळ काकांना तो समुद्र ओलांडायला लागला. शेवटी इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात एका खेड्यात जॉन पेंडल नावाचा पिंपं बांधणारा निघाला आणि त्याच्या सॅम्युएल नावाच्या मुलाचा बाप्तिस्मा निघाला. वय साधारण जुळत होतं. काकांनी नाव पेन्सिलीने लिहिलं. दुसऱ्या दिवशी बघतात तर शाईने. काकूंनी गुपचूप गिरवलं होतं.

काकांनी ब्लेडने शाई खरवडून काढली. कागद तिथे कायमचा पातळ झाला. "आधी डोळ्यांनी बघू," ते म्हणाले.

त्या उन्हाळ्यात दोघं इंग्लंडला गेले. काकूंनी नवीन कुडता शिवला होता. सासरी पहिल्यांदा जाताना सुद्धा एवढी तयारी केली नव्हती, असं काका आम्हाला चिडवत सांगत होते.

तिथे काय झालं ते दोघांनीही सांगितलं, प्रत्येकाने आपापल्या परीने. खेडं लहान. चर्च दगडी, त्याच्या आवारात एक म्हातारं झाड आणि झाडाखाली बाक. एक वयस्क बाई चर्च उघडून बसायची. जुन्या नोंदींची छापील प्रत तिच्यापाशी होती, ती तिने काकांना वाचायला दिली. काकू बाहेर बाकावर बसल्या. काकांनी बाप्तिस्मा शोधला, तो होता. मग सवयीने ते दफनांच्या पानांवर गेले, कारण ऑडिटर जमा बघून उठत नाही, खर्चही बघतो. तिथे दोन वर्षांनी नोंद होती. जॉन पेंडलचा मुलगा सॅम्युएल, पुरला.

काका पुस्तक मिटून बाहेर आले. "खलास," म्हणाले. "हा तो नव्हे. हा पोरगा दोन वर्षांचा होऊन गेला. अमेरिकेला कुठला जातोय? आपले पेंडल वेगळे."

काकूंनी वर झाडाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "अहो, तरी मी इथे थोडी बसू?"

"परक्यांच्या दारात कशाला बसायचं? चल, बस जाईल."

"पुढची असेल ना."

"पुढच्या बसचा काय भरवसा?" काका म्हणाले. काकू उठल्या. बस गाठल्यावर ती सुटायला अजून बराच वेळ होता, हेही काकूंनीच सांगितलं.

परत आल्यावर काकू ही गोष्ट सगळ्यांना विनोद म्हणून सांगायच्या. एवढा खर्च करून आम्ही कोणा दुसऱ्याच्या आजोबांना भेटून आलो! आम्ही सगळे खूप हसायचो. एकदा आमच्याकडे जेवण झाल्यावर त्या माझ्याबरोबर स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या. म्हणाल्या, "मला आवडलं होतं तिथे. त्या बाकावर बसले तेव्हा मला वाटलं होतं, हेच असेल."

बाहेरून काकांचा आवाज आला, "वाटण्याचं व्हाउचर नसतं."

काकूंनी हसून मान हलवली आणि पुढची ताटली घेतली.

मग काकांनी नव्याने सुरुवात केली. शेजारचे परगणे, तिथले पेंडल. दारामागच्या कागदावर सॅम्युएलच्या वर नावं येत आणि पुसली जात. पण सफोकच्या त्या खेड्याकडे त्यांनी पुन्हा वळून बघितलं नाही. एकदा खलास म्हटलेला मामला ते उघडत नसत. नोकरीतही हीच त्यांची ख्याती होती.

दुसऱ्या वर्षी काकूंचं दुखणं निघालं आणि ते चांगलं नव्हतं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. काका दिवसभर हॉस्पिटलात असायचे, घरी आले की संगणकावर. डोळे सुजलेले. मी डबा द्यायला वर जायची तर एक हात फोनवर आणि एक कीबोर्डवर. "एसेक्समध्ये एक दिसतोय, मेधा," म्हणायचे. "तिला प्रवास झेपतोय तोवर व्हायला पाहिजे. इंशाल्ला." इंशाल्ला हा शब्द त्यांच्या तोंडी मी त्याआधी ऐकला नव्हता, ज्याची पावती नाही ते ते बोलत नसत.

शेवटी शेवटी काकूंना झल्लाकला समुद्रावर जावंसं वाटलं. प्रसादने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, गाडी काढली. काका, काकू आणि मी. वाळूत दोन घडीच्या खुर्च्या टाकल्या. समोर पश्चिमेचं पाणी, सूर्य खाली येत होता. काकू शालीत गुंडाळून बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "अहो, त्याच गावी जाऊ या ना. तोच बाक. परके असले तरी मला चालतील."

"परके कशाला?" काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नाही. "आपलेच शोधून देतो की तुला. मग दिवसभर बस."

काकूंनी त्यांचा हात थोपटला. समजूत त्यांना हवी होती, पण घातली त्यांनी काकांची. नंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. इथल्या ख्रिश्चन दफनभूमीत त्यांना ठेवलं. खणलेली जागा बघताना काका मला हळूच म्हणाले, "राहून गेलं गं हिचं."

काही दिवसांनी काकूंच्या शाळेतली डोना भेटायला आली. अमेरिकनच, वयाने आमच्याएवढी, मोठ्याने हसणारी मुलगी. तिकडच्या रीतीप्रमाणे घरी भाजलेला पास्ता भल्यामोठ्या भांड्यात घेऊन आली होती. आम्ही दोघंही वर होतो. दार लोटलेलं होतं, त्यामुळे मागचा कागद दिसत होता. डोनाने विचारलं, हे काय? काका पाठ म्हटल्यासारखं सांगत गेले. सफोकचं खेडं आलं तेव्हा म्हणाले, तिथे सगळं जुळत होतं, पण तो सॅम्युएल लहानपणी वारला.

"पण मग दुसरा सॅम्युएल नव्हता का?" डोना सहज म्हणाली.

"दुसरा?"

"त्याच आईबापांना. माझ्या आजीच्या घरी दोन अ‍ॅलिस होत्या. पहिली बाळपणी गेली, मग आजी झाली, तिलाही तेच नाव ठेवलं. जुन्या लोकांत असं खूप चालायचं."

"मेलेल्या मुलाचं नाव?" काका म्हणाले. "जिवंत मुलाला?"

"प्रेमानेच ना. नाव घरात राहावं म्हणून."

मग त्यांनी तिला चहा घेणार का विचारलं, साखर किती तेही विचारलं, आणि स्वयंपाकघरात गेले. चहा आणायला फार वेळ लागला. प्रसाद आत जाऊन बघून आला तर काका ओट्याशी उभे होते आणि गॅस पेटवलेलाच नव्हता.

मला वाटलं, आता ते धावत संगणकाकडे जातील. गेले नाहीत. आठवडाभर त्यांनी तो उघडला नाही. मग एका दुपारी आमच्या दारात आले, पायजम्यावरच, जे त्यांनी कधी केलं नव्हतं.

"व्हाउचर मिळालं," म्हणाले आणि दाराजवळच्या चपलांच्या स्टुलावर बसले.

त्या चर्चच्या नोंदी आता संगणकावर चढल्या होत्या. पहिला सॅम्युएल पुरल्यानंतर दुसऱ्या वर्षी जॉन पेंडलला मुलगा झाला. सॅम्युएल. अमेरिकेतल्या पिंपं बांधणाऱ्याशी वय तर आधीपेक्षाही नीट जुळत होतं, आता बाकीचंही काही अडत नव्हतं.

"त्याच पुस्तकात होतं," काका म्हणाले. "बाप्तिस्म्यांच्या पानावर परत जाऊन पुढची दोन-चार पानं वाचायची होती. माझ्या मनात आलंच नाही गं. आमच्याकडे पोर गेलं की पुढच्याला दगड म्हणतात, धोंडा म्हणतात. तेच नाव कोण ठेवील?" मग म्हणाले, "ती बसली होती तिथेच सगळे होते. मीच तिला हात धरून उठवली."

मला त्यांचा राग आला. खरंच सांगते, फार राग आला. त्या व्हाउचरचा, त्या बसचा, घड्याळाचा. बिचारी एक बाक मागत होती. आणि लगेच त्या स्टुलावर बसलेल्या माणसाकडे बघून रडू यायला लागलं, कारण त्या माणसाने आयुष्यातले सगळे शुक्रवार त्या बाकासाठीच घातले होते. धोंडोच्या घरात वाढलेल्या माणसाला दुसरा सॅम्युएल सुचावा तरी कसा? प्रसाद संध्याकाळी म्हणालाच, "त्यांची काय चूक?" चूक काही नव्हती. पण काकू गेल्या त्या आपण कोणाच्या हे न कळताच गेल्या.

"काका, तुम्ही एकदा जाऊन या तिकडे," मी म्हणाले.

"मी जाऊन काय करू? बसायचं होतं ते तिला."

त्या वर्षी सर्वपित्रीला त्यांनी आम्हाला दोघांना वर बोलावलं. काकू ज्या दाराला टेकून उभ्या राहायच्या तिथे मी उभी राहिले. दारामागचा कागद त्यांनी काढून समोर भिंतीला लावला होता. ब्लेडने खरवडलेल्या पातळ जागेवर आता काळी शाई होती, थोडी फुटलेली. ताम्हन, पळी, तीळ. त्यांनी आपले पितर उरकले, धोंडोपर्यंत. पत्नी म्हणून रूथ नाव घेताना पळी काठोकाठ भरून घेतली. मग सासुरवाडी. शास्त्राला हवे तेवढे नाहीत, सगळेच. काश्यपगोत्री वॉल्टर, त्यांचे वडील, त्यांचे वडील, तीन लग्नं केलेले, शाळा चालवणाऱ्या बाई, चर्चमध्ये घोरणारे. कितीतरी वेळ पळी चालली होती. ताम्हन भरलं, ते प्रसादने रिकामं करून आणलं. शेवटी ते म्हणाले, "काश्यपगोत्र सॅम्युएल," आणि पाणी सोडलं. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "काश्यपगोत्र सॅम्युएल."

मला वाटलं, चुकून दोनदा झालं. माझ्याकडे न बघताच काका म्हणाले, "हा लहानगा. त्याला कोणी दिलं नसेल."

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी इथलं सगळं आवरलं. पुण्याला बहिणीकडे जायचं ठरलं. सामान फारसं नव्हतंच. वंशावळीची गुंडाळी हातात होती, ती त्यांनी बॅगेत भरू दिली नाही. विमान संध्याकाळचं, पण मी सकाळपासून तयार राहिले, कारण काका दुपारीच निघा म्हणणार हे मला ठाऊक होतं. ते काही म्हणाले नाहीत. निघायची वेळ झाली तेव्हा आम्हीच त्यांना खाली आणलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "वाटेत जरा तिच्याकडे थांबू या."

दफनभूमीच्या फाटकाशी प्रसादने गाडी उभी केली. तो चाकाशीच बसून राहिला आणि मी काकांबरोबर आत गेले. आत कोणी नव्हतं. काकूंच्या दगडावर फक्त नाव आणि त्याखाली पेंडल, मग लिमये. काकांनी आधी बूट काढले. मग पँट वर ओढून, हात टेकत टेकत, ते सावकाश खाली खडीवर मांडी घालून बसले. गुंडाळी मांडीवर ठेवली. मी जरा लांब उभी राहिले.

असा बराच वेळ गेला. प्रसादने फाटकातून एकदा हॉर्न वाजवला, मग स्वतः आत येऊन मला घड्याळ दाखवलं. खरंच उशीर झाला होता. मी जवळ जाऊन काकांच्या खांद्याला हात लावला.

"काका, चला. विमान जाईल."

"जाऊ दे," काका म्हणाले. "पुढचं असेल ना."